आधी काय? मेथडिस्ट बांधवांच्या अनुभवातून एक अभ्यासपाठ



संत मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात (१:३२-३८) एक प्रसंग आहे. संध्याकाळी कफर्णहूम गावातील सारे आजारी दाराशी आणले गेले होते आणि प्रभू येशूने अनेकांना बरे केले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांत जागी प्रार्थनेस गेला. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत आले. सारे गाव वाट पाहत आहे, असे त्यांनी सांगितले. प्रभू मात्र मागे फिरला नाही. आपल्याला आसपासच्या गावांतही सुवार्ता सांगायची आहे, त्यासाठीच आपण आलो आहोत, असे त्याचे उत्तर होते.

हा उतारा आपण बहुधा प्रार्थनेचे महत्त्व सांगण्यासाठी वाचतो. पण त्यात एक कठीण निर्णयही आहे. त्या सकाळी कफर्णहूममध्ये काही रोगी नक्कीच दाराशी येऊन बसले असतील. काम चांगले होते, लोकांची मागणी होती, कौतुकही होत होते. तरी प्रभू पुढच्या गावाला गेला.

आपल्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत असे क्वचितच घडते. युवकांसाठी काहीतरी करू या, धर्मशिक्षणाचे वर्ग सुधारू या, आजाऱ्यांच्या भेटी वाढवू या, गायकवृंदाला नवे साहित्य घेऊ या, सभागृहाची दुरुस्ती करू या. प्रत्येक सूचना चांगली असते, म्हणून कोणी नाही म्हणत नाही आणि यादी लांबत जाते. काम करणारी माणसे मात्र तीच दहा-बारा असतात. यादीतून काही वगळावे असे सुचवणारा सभासद मी तरी फारसा पाहिलेला नाही.

हा प्रश्न एखाद्या धर्मग्रामापुरता नाही, तो संपूर्ण ख्रिस्ती पंथालाही पडतो. अमेरिकेत मुख्यालये असलेल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने २००८ साली आपल्या सेवाकार्याचे प्राधान्यक्रम उघडपणे, मतदान घेऊन ठरवले. त्याचे काय झाले हे आता इतक्या वर्षांनंतर स्पष्ट दिसते, म्हणून या पाठासाठी ते उदाहरण निवडले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तैक्यावर काढलेल्या आदेशपत्रात विभक्त बांधवांना जाणून घेण्याचे आवाहन केले आहे. कॅथॉलिक आणि मेथडिस्ट यांच्यातील अधिकृत संवाद १९६७ पासून चालू आहे आणि नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या कॅथॉलिक-लुथरन संयुक्त घोषणेला जागतिक मेथडिस्ट परिषदेने २००६ साली सोल येथे आपली संमती दिली. तेव्हा त्यांची गोष्ट आपल्याला अगदी परकी नाही.

कर्ज फेडण्यासाठी निघालेली युक्ती

मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली (१७०३-१७९१) हे अँग्लिकन धर्मगुरू होते आणि मरेपर्यंत ते अँग्लिकनच राहिले. नवा पंथ काढावा हा त्यांचा हेतू नव्हता. १७३९ मध्ये ब्रिस्टल शहरात त्यांनी उघड्या मैदानावर प्रवचन देण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांना स्वतःलाच ते विचित्र वाटले होते. पण जवळच्या किंग्जवूडचे कोळसा खाणकामगार चर्चमध्ये येत नव्हते, म्हणून प्रवचन त्यांच्याकडे जाणे भाग होते. वेस्लींनी आपल्या मदतनीस प्रचारकांसाठी जे नियम घालून दिले त्यांतील एकाचा आशय असा, की जे तुम्हाला बोलावतात त्यांच्याकडेच जाऊ नका, ज्यांना तुमची सर्वाधिक गरज आहे त्यांच्याकडे जा. प्राधान्य ठरवण्याची इतकी सोपी आणि इतकी अवघड कसोटी दुसरी क्वचितच सापडेल. कारण बोलावणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. गरज असलेला पुष्कळदा बोलावतच नाही.

ब्रिस्टलमध्ये त्यांनी बांधलेल्या सभागृहावर कर्ज झाले होते. १७४२ च्या फेब्रुवारीत ते कसे फेडावे यावर बैठक बसली. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले, की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकांना तेवढीही परवडणार नाही, असे कोणीतरी म्हणाले. तेव्हा कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. इतरांनीही तसेच करायचे कबूल केले.

आता काय झाले पाहा. पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांना कोणाच्या घरी भांडण चालू आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, कोण आजारी पडून आहे, हे सारे दिसू लागले. त्यांनी ते वेस्लींना सांगितले आणि इतकी वर्षे आपण जे शोधत होतो ते हेच, असे त्यांच्या लक्षात आले. यातूनच ‘क्लास’ म्हणजे सुमारे बारा जणांचा गट आणि त्याचा एक प्रापंचिक प्रमुख ही रचना आली. पुढे या गटाच्या साप्ताहिक बैठका होऊ लागल्या. मेथडिस्ट चळवळ अमेरिकेच्या जंगलांत आणि खेड्यांत पसरली, तेव्हा घोड्यावरून फिरणारा प्रचारक एका गावी अनेक आठवड्यांनी एकदाच येई. मधल्या काळात लोकांची श्रद्धा या क्लासनी जपली. वेस्लींनी हे कागदावर योजून केले नव्हते. निघाले होते कर्ज फेडायला, पण समोर जे आले त्याचे मोल त्यांना कळले.

ही पद्धत मुंबईतही आली होती. विल्यम टेलर हे मेथडिस्ट प्रचारक १८७१-७२ मध्ये मुंबईत आले, तेव्हा त्यांनी लोकांच्या घरांतून छोटे गट बांधले. परदेशी मिशन मंडळाकडून पैसे न घेता इथल्या मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांना साथ देणाऱ्यांत जॉर्ज बोवेन होते. हे १८४८ पासून मुंबईत राहत, मिशनचा पगार सोडून अगदी साधेपणाने जगत. त्यांच्या नावाचे मेथडिस्ट चर्च आजही दक्षिण मुंबईत आहे. आपल्या देशातील ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ ही मंडळी १९८१ पासून स्वायत्त आहे. म्हणून यापुढे जे लिहिले आहे ते त्यांच्याविषयी नाही, हे ध्यानात ठेवावे.

चार प्राधान्ये

युनायटेड मेथडिस्ट चर्च १९६८ साली दोन मंडळ्यांच्या एकीकरणातून स्थापन झाले. त्यांच्यात पोप महोदयांसारखे एक पद नाही. चार वर्षांनी एकदा भरणारी ‘जनरल कॉन्फरन्स’ ही त्यांची सर्वोच्च सभा. तिच्यात निम्मे प्रतिनिधी धर्मसेवक आणि निम्मे प्रापंचिक असतात. बिशप सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, पण त्यांना मत नसते. संपूर्ण मंडळीच्या वतीने बोलण्याचा अधिकार फक्त या सभेला आहे.

स्थापनेच्या वेळी अमेरिकेत त्यांचे सुमारे १ कोटी १० लाख सभासद होते. २००८ पर्यंत ही संख्या ८० लाखांच्या आसपास आली होती. आफ्रिकेत मात्र मंडळी वाढत होती. त्या वर्षी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे भरलेल्या सभेत चार क्षेत्रांवर लक्ष केंद्रित करण्याचे ठरले. ख्रिस्ती नेते घडवणे. नव्या लोकांसाठी नव्या जागी मंडळ्या उभारणे व जुन्यांना नवजीवन देणे. गरिबांबरोबर सेवाकार्य करणे. आणि गरिबीतून पसरणाऱ्या जीवघेण्या रोगांचा बीमोड करणे.

तिसऱ्या कलमातील ‘गरिबांबरोबर’ हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला. ‘गरिबांसाठी’ म्हटले की देणारा आणि घेणारा वेगळे होतात. आपल्याकडे संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेचे कार्यकर्ते घरी भेट देण्यावर इतका भर देतात, त्यामागेही हाच विचार आहे.

दहा डॉलरची मच्छरदाणी

चौथ्या क्षेत्रात यश सर्वांत स्पष्ट दिसले. २००६ सालीच युनायटेड मेथडिस्ट चर्च हे संयुक्त राष्ट्रांच्या कार्याला मदत करणाऱ्या एका प्रतिष्ठानाबरोबर मच्छरदाण्यांच्या मोहिमेत सामील झाले होते. दहा डॉलर द्या, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेचारशे रुपये, आणि आफ्रिकेतील एका कुटुंबाला औषध लावलेली एक मच्छरदाणी पोहोचेल, इतका साधा हिशेब होता. संडे स्कूलमधील मुलेसुद्धा खाऊचे पैसे साठवून देऊ शकत होती. २०१० मध्ये त्यांनी याहून मोठी मोहीम सुरू केली आणि साडेसात कोटी डॉलरचे उद्दिष्ट ठेवले. २०१६ पर्यंत त्यातील बहुतेक रक्कम भेटी आणि वचनांच्या रूपाने जमली होती.

हे का जमले? एक तर काम ठोस होते. दुसरे, आफ्रिकेत त्यांची स्वतःची रुग्णालये आणि दवाखाने आधीपासून होते, गावागावांत मंडळ्या होत्या, त्यामुळे मच्छरदाणी पोहोचवणारा आणि ती कशी बांधायची हे दाखवणारा माणूस तिथलाच होता. नुसती मच्छरदाणी देऊन भागत नाही हे समजल्यावर त्यांनी रोगनिदान, उपचार, आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण आणि लोकशिक्षण यांचीही जोड दिली. मोहिमेच्या आरंभी आफ्रिकेत दर ३० सेकंदांना एक बालक मलेरियाने दगावते, असे सांगितले जाई. काही वर्षांनी ‘दर ६० सेकंदांना’ असे सांगितले जाऊ लागले. याचे श्रेय एकट्या मेथडिस्टांचे नाही. सरकारे, आरोग्य संघटना आणि इतर अनेकांचे हात त्याला लागले होते. तरी साठ सेकंदांचा तो आकडा ऐकताना अमेरिकेतील एखाद्या लहान गावच्या मंडळीला वाटले असेल, यात आपलेही दहा डॉलर आहेत.

मोजमाप आणि त्याची मर्यादा

दुसऱ्या क्षेत्राची, म्हणजे मंडळ्यांच्या नवजीवनाची, गोष्ट इतकी सरळ नाही. २०१० मध्ये एका व्यावसायिक सल्लागार संस्थेकडून अमेरिकेतील ३२ हजारांहून अधिक मंडळ्यांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी जेमतेम १५ टक्के मंडळ्या भरपूर चैतन्य असलेल्या ठरल्या. अशा मंडळ्यांत चार गोष्टी समान आढळल्या: लहान गट आणि मुलांचे व युवकांचे उपक्रम, प्रापंचिकांचे प्रभावी नेतृत्व, उपासनेतील विविधता, आणि चांगली प्रवचने देणारा, बराच काळ एकाच ठिकाणी राहणारा पाळक. यादीत लहान गट आहेत याकडे लक्ष द्या. एवढी मोठी पाहणी करून ते पुन्हा कप्तान फॉयच्या अकरा जणांपाशीच आले!

पुढे उपासनेला किती आले, किती जणांनी नव्याने श्रद्धा स्वीकारली, किती लहान गट चालू आहेत, किती जण सेवाकार्यात आहेत, सेवेसाठी किती दान आले, असे पाच आकडे प्रत्येक मंडळीकडून मागितले जाऊ लागले. यावर बरीच टीका झाली. आकडे भरणे हेच काम होऊन बसेल, आणि ओस पडत चाललेल्या खेड्यातील वृद्धांना सांभाळणारा निष्ठावान पाळक कागदावर नापास ठरेल, अशी भीती व्यक्त झाली. ती मला रास्त वाटते. पण आकडे मुळीच नकोत असे म्हणणेही सोयीचे असते. आपल्या धर्मग्रामात दृढीकरणाचा साक्रामेंत घेतलेल्या मुलामुलींपैकी दोन वर्षांनी किती जण रविवारच्या मिस्साला येतात, हे कोणी मोजले आहे काय? मोजले तर सभेत काय बोलावे लागेल, हे आपण जाणतो.

२०१२ साली टँपा येथील सभेपुढे मोठी पुनर्रचना आली. मंडळीची अनेक मध्यवर्ती मंडळे एकत्र करून पैसा आणि माणसे स्थानिक मंडळ्यांकडे वळवावीत, असा विचार होता. मूळ प्रस्ताव समितीतच अडला. मग तडजोडीची एक योजना बहुमताने संमत झाली. पण सभेच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या न्यायिक मंडळाने ती घटनाबाह्य ठरवली. घटनेने जे अधिकार सभेला आणि बिशपांना दिले आहेत ते असे दुसऱ्या मंडळाकडे सोपवता येत नाहीत, असा निर्णय झाला. काही वर्षांचे काम एका दुपारी कोसळले. प्राधान्ये आधी ठरली होती, पण त्यासाठी कोणाचे अधिकार आणि कोणाचे अंदाजपत्रक कमी होणार, हा प्रश्न आला तेव्हा एकमत टिकले नाही.

जे यादीत नव्हते

आता सर्वांत महत्त्वाची बाब. या मंडळीचे पुढील भवितव्य त्या चार प्राधान्यांनी ठरवलेच नाही. समलैंगिक व्यक्तींचा विवाह आणि त्यांची धर्मसेवेसाठी दीक्षा, या प्रश्नावर तिथे १९७२ पासून दर सभेत वाद होत होता. या विषयावर कॅथॉलिक ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला ठाऊक आहे, त्याची चर्चा इथे करावयाची नाही. मुद्दा एवढाच, की २००८ च्या यादीत हा वाद नव्हता आणि तो मिटलेलाही नव्हता. चारही प्राधान्ये अशी होती की दोन्ही बाजूंना ती मान्य व्हावीत. त्यामुळे एकोपा दिसला, पण दुखणे आतच राहिले.

२०१९ च्या फेब्रुवारीत सेंट लुईस येथे खास सभा बोलावली गेली. जुने निर्बंध अधिक कडक करणारा ठराव ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी संमत झाला. त्याच वेळी मंडळ्यांना मालमत्तेसह बाहेर पडण्याची मुदतीची मुभा मिळाली. २०२३ अखेरपर्यंत अमेरिकेतील ७,६०० हून अधिक मंडळ्या, म्हणजे जवळपास एक चतुर्थांश, बाहेर पडल्या. त्यांपैकी अनेक जण २०२२ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेले. करोनामुळे लांबलेली सभा २०२४ साली शार्लट येथे भरली, तेव्हा जुने निर्बंधच काढून टाकण्यात आले. निरनिराळ्या खंडांतील मंडळ्यांना स्थानिक बाबतींत अधिक स्वायत्तता देणारी घटनादुरुस्तीही तिथे संमत झाली आणि २०२५ मध्ये वार्षिक परिषदांच्या मतदानाने ती कायम झाली.

पैशाचे काय झाले? २०१७-२०२० या चार वर्षांसाठी मध्यवर्ती अंदाजपत्रक सुमारे ६० कोटी डॉलरचे होते. २०२५-२०२८ साठी ते सुमारे ३७ कोटींवर आले. म्हणजे जी काटछाट २०१२ मध्ये स्वेच्छेने होऊ शकली नाही, ती परिस्थितीने करायला लावली. एकेका गावात एकाच कुटुंबातील भाऊ दोन वेगळ्या मंडळ्यांत गेले, पूर्वजांची दफनभूमी एकीकडे आणि रविवारची उपासना दुसरीकडे, असे झाले. आपल्या गावच्या चर्चवर आपला किती जीव असतो हे जाणणाऱ्या आपल्याला त्या दुःखाची कल्पना करता येईल.

विधवांची तक्रार

आरंभीच्या ख्रिस्तसभेतही असा प्रसंग आला होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ वाचा. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, आणि सारे काही आम्हीच करू असेही म्हटले नाही. प्रार्थना आणि देवशब्दाची सेवा त्यांनी आपल्याकडे ठेवली आणि वाटपासाठी लोकांनाच सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे पाहा: स्तेफान, फिलिप, प्रोखर, निकानोर, तिमोन, पार्मेना, निकलाव. सारी ग्रीक नावे आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाची जबाबदारी गेली. आणि पुढे स्तेफान व फिलिप वाटपापुरते थांबले नाहीत, त्यांनी सुवार्ताही सांगितली.

आपली रचना मेथडिस्टांसारखी नाही. धर्मशास्त्रसंहितेच्या ५३६ व्या कलमानुसार धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाचे मत सल्ल्यापुरते असते, निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा. गंमत अशी, की पाळकीय मंडळ असावे की नाही हे बिशप ठरवतात, पण पुढच्याच ५३७ व्या कलमानुसार अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असावीच लागते. म्हणजे कोणत्या कामाला किती पैसे, ही चर्चा आपल्याकडे दरवर्षी होतेच. फक्त तिला आपण प्राधान्यक्रम म्हणत नाही. २०२१ ते २०२४ या काळात झालेल्या सिनडच्या वाटचालीत एकमेकांचे ऐकण्यावर भर दिला गेला. ऐकल्यानंतर काहीतरी निवडावे लागते आणि काहीतरी सोडावे लागते, तो भाग आता धर्मप्रांतांच्या आणि धर्मग्रामांच्या वाट्याला आला आहे.

या महिन्याच्या लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीसाठी दोन्ही उतारे, मार्क १:३२-३८ आणि कृत्ये ६:१-७, वाचावेत व पुढील प्रश्नांवर बोलावे. आपल्या धर्मग्रामात सध्या चालू असलेले असे कोणते काम आहे, जे बंद केले तर फक्त ते करणाऱ्यांनाच वाईट वाटेल? आपल्याला कधीच न बोलावणारे, पण आपली गरज असलेले कोण आहेत: भाड्याने राहणारी परप्रांतीय कुटुंबे, नोकरीसाठी पहाटेची लोकल पकडणारे तरुण, एकटे राहणारे आजी-आजोबा? सभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही, पण सभा संपल्यावर फाटकापाशी उभे राहून ज्याविषयी सारे बोलतात, असे काय आहे? प्रत्येक समूहाने आपली उत्तरे एका कागदावर लिहून, नावे न घालता, पॅरिश कार्यालयातील पेटीत टाकावीत. पॅरिश कौन्सिलच्या पुढील सभेत ती जशी आहेत तशी वाचली जातील.